सीटचे पैसे भरण्याआधी: हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीचा गोव्यातला हिशोब

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या अनेक घरांत एकच गणित मांडलं जातं. तीन वर्षांची फी साडेचार लाख, कॉलेज सांगतं पॅकेज तीन लाखांचं, म्हणजे दीड वर्षात पैसे वसूल. सुटसुटीत वाटणारं हे गणित चार ठिकाणी चुकतं. पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. शिकण्यात गेलेल्या तीन वर्षांत बुडालेली कमाई कोणी धरत नाही. पदवी नसलेला मुलगाही हॉटेलात कमावतोच, त्यामुळे सगळा पगार पदवीच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि कर्जावरचं व्याज नोकरी लागल्यावर नाही, पहिला हप्ता कॉलेजला गेला त्या दिवसापासून चढायला लागतं.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक लोक पगारापासून सुरुवात करतात. एकदा मोठा आकडा डोक्यात बसला की पुढचे सगळे खर्च किरकोळ वाटू लागतात.

## तयारी: आठवडाभर आधी काय गोळा करायचं

एक वही किंवा मोबाइलमधली एक्सेल शीट घ्या आणि या गोष्टी जमवा:

- कॉलेजचं तिन्ही वर्षांचं लेखी फी-पत्रक. फक्त पहिल्या वर्षाचं नको. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फी वाढणार असेल तर ती किती, हेही लिहून मागा.
- पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे त्याचा कागद. पर्वरीच्या आयएचएमला (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि पदवी दिल्लीच्या जेएनयूची असते. रायच्या व्ही. एम. साळगावकर संस्थेसारखी कॉलेजं गोवा विद्यापीठाशी संलग्न आहेत.
- हॉटेलात काम करणाऱ्या दोघांच्या पगाराच्या पावत्या. एक दोन-तीन वर्षं जुना, दुसरा सात-आठ वर्षं मुरलेला. प्रत्येकाच्या दोन: ऑगस्टची आणि डिसेंबरची. डिचोली, पेडणे, फोंडा, काणकोण, कुठंही राहत असलात तरी वाड्यावर असा माणूस सापडतोच. नाव आणि खाते क्रमांक झाकून पावती दाखवायला बहुतेक जण तयार होतात.
- बँकेकडून शैक्षणिक कर्जाचा व्याजदर आणि परतफेडीच्या अटी.
- जवळच्या आयटीआयचं माहितीपत्रक. ते कशाला, हे पहिल्याच पायरीत कळेल.

तपासा: 'परदेशी डिप्लोमा' किंवा 'आंतरराष्ट्रीय पदवी' असं छापलेलं असेल तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता किंवा भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता दाखवायला सांगा. ती नसेल तर कागदावर पदवी दिसेल, पण पदवीधरांसाठीच्या कुठल्याही परीक्षेला बसता येणार नाही. मग हिशोबातला एक मोठा भाग तिथेच गळतो.

## १. तुलना कशाशी करायची ते ठरवा

पदवीची किंमत म्हणजे पदवीमुळे मिळणारा जादा पैसा. जादा कशाहून, हे ठरल्याशिवाय पुढची एकही ओळ लिहिता येत नाही.

गोव्यात खरे पर्याय असे आहेत. आयटीआयचा फूड प्रॉडक्शन (जनरल) हा ट्रेड दहावीवर, एका वर्षाचा. राष्ट्रीय परिषदेचा फूड प्रॉडक्शन आणि पॅटिसरीचा क्राफ्ट कोर्स दीड वर्षाचा. थेट हेल्पर किंवा युटिलिटी म्हणून लागून वर चढणं. ओबेरॉयच्या 'स्टेप'सारखे बारावीनंतरचे कार्यक्रम, जिथं तीन वर्षं शिकताना स्टायपेंड मिळतो. आणि बीकॉम, बीए, नर्सिंग असं पूर्ण वेगळं काहीतरी.

मुलगा किंवा मुलगी पदवीला गेली नाही तर खरोखर काय करेल, तोच पर्याय धरा. 'काही नाही, घरी बसेल' असं लिहिलं की कोणतीही पदवी सोन्याची दिसते. उलट, मेडिकलशी तुलना केली की कोणतीही पदवी फिकी पडते. पुढच्या उदाहरणात मी एक वर्षाचा आयटीआय करून लगेच किचनमध्ये लागणारा मुलगा धरला आहे, कारण गोव्यात हाच सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी आहे.

## २. खर्चाची यादी: फी सोडून उरलेलं सगळं

फी कागदावर असते, म्हणून तिथं चूक होत नाही. चूक होते ती पुढच्या गोष्टींत.

युनिफॉर्म आणि किट. किचनसाठी शेफ कोटचे किमान दोन-तीन जोड, चौकडीची पँट, एप्रन, स्कार्फ, टोपी. सर्व्हिस आणि फ्रंट ऑफिससाठी वेगळा शर्ट, ब्लेझर, काळे बूट. चाकूंची किट वेगळी. किचनचे सेफ्टी शूज स्वस्तातले घेऊ नका. ओल्या, तेलकट लादीवर त्यांचा तळ वर्षभरात गुळगुळीत होतो आणि मुलगा गरम भांड्यासकट घसरतो. तीन वर्षांत दोन जोड लागतील असंच धरा.

इंडस्ट्रियल ट्रेनिंग. साधारण एक सत्रभर हॉटेलात काम करावं लागतं. हॉटेल गोव्यातलंच मिळालं तर बरं. मुंबई किंवा बंगळुरू मिळालं आणि राहण्याची सोय नसेल, तर पेइंग गेस्टचं डिपॉझिट, भाडं, लोकल किंवा मेट्रोचा पास हे सगळं घरून जातं. ड्युटीवर जेवण मिळतं, सुटीच्या दिवशी नाही. स्टायपेंड काही ठिकाणी मिळतो, काही ठिकाणी नाही, आणि मिळतो तिथंही दोन-दोन महिने उशिरा खात्यात येतो. म्हणून स्टायपेंड जमेच्या बाजूला लिहा, पण महिन्याच्या खर्चाची भिस्त त्यावर ठेवू नका.

येणं-जाणं. कॉलेजपर्यंतची कदंबची (सरकारी) बस परवडते. खरा खर्च नोकरीत सुरू होतो, त्याबद्दल पाचव्या पायरीत.

घरचं जेवणखाण या यादीत घालू नका. मुलगा आयटीआयला गेला असता तरी घरीच जेवला असता. हॉस्टेल किंवा भाड्याची खोली घेतली असेल तर मात्र पूर्ण खर्च धरा.

बुडालेली कमाई. आयटीआयचा मुलगा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पगार घेत असतो. तो आकडा पदवीच्या खर्चात जातो. लोकांना हे पटत नाही, कारण हा पैसा कोणाच्या खिशातून जात नाही. पण तो यायचा राहिला, हे खरं.

तपासा: यादी पूर्ण झाल्यावर फी आणि एकूण खर्च शेजारी-शेजारी लिहा. एकूण आकडा फीच्या दीडपट तरी झाला नसेल तर काहीतरी सुटलंय.

## ३. कर्ज: व्याज कुठून सुरू होतं ते पाहा

समजा सहा लाखांचं कर्ज, दर १० टक्के, दर वर्षाच्या सुरुवातीला दोन लाख कॉलेजला जातात. कोर्स तीन वर्षं आणि त्यानंतर एक वर्ष सवलत, म्हणजे हप्ते चार वर्षांनी सुरू. या काळात साधं व्याज धरलं तरी:

- पहिले दोन लाख, चार वर्षं: ८०,०००
- दुसरे दोन लाख, तीन वर्षं: ६०,०००
- तिसरे दोन लाख, दोन वर्षं: ४०,०००

एकूण १,८०,०००. हप्ते सुरू होतात तेव्हा कर्ज सहा लाखांचं राहिलेलं नसतं, ७,८०,००० झालेलं असतं. दहा वर्षांच्या परतफेडीत महिन्याचा हप्ता सुमारे १०,३०० येतो. कोर्स चालू असतानाच दरमहा व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी सुमारे १,६७०, दुसऱ्या वर्षी ३,३३०, पुढं ५,०००), तर हप्ता सुमारे ७,९३० राहतो. घरात एक जण कमावता असेल तर हे व्याज भरायचं टाळू नका.

कर्ज घेण्याआधी या चार गोष्टी बघा:

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना सगळ्यात आधी. ती मिळाली तर वरचं व्याजाचं गणितच उरत नाही. रहिवासी दाखला आधीच काढून ठेवा, अर्जाच्या आठवड्यात मामलेदार कार्यालयात गर्दी असते. कर्जाची मर्यादा आणि वयाची अट त्या वर्षीच्या अर्जावर वाचा.

दुसरं, साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे. त्याखाली तारण किंवा त्रयस्थ जामीन लागत नाही. शाखेत कोणी मुदत ठेव अडकवायला सांगितली तर हा मुद्दा काढा.

तिसरं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरू शकतं, पण कॉलेज किंवा कोर्स नॅक अथवा एनबीए मान्यतेचा लागतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी पीएम-विद्यालक्ष्मीत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, तीही फक्त यादीतल्या संस्थांना. यादीत कॉलेजचं नाव स्वतः शोधा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

चौथं, 'व्याजावर कर वाचतो' हे वाक्य. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. आणि महिन्याला १८,००० मिळवणाऱ्याला मुळात कर बसतच नाही, मग वाचणार काय? हप्ते सहकर्जदार वडील भरत असतील आणि त्यांना कर बसत असेल, तरच याचा उपयोग.

## ४. कॉलेजचे प्लेसमेंटचे आकडे उलगडून घ्या

'१०० टक्के प्लेसमेंट' हे कशाच्या शंभर टक्के, एवढा एकच प्रश्न विचारा. चार आकडे लेखी मागा:

१. तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती मुलं आली?
२. त्यातली किती पास होऊन बाहेर पडली?
३. किती जणांना ऑफर लेटर मिळालं?
४. एक वर्षानंतर त्यातली किती त्याच नोकरीत आहेत?

चौथा आकडा बहुतेक ठिकाणी नसतो. नसेल तर मागच्या बॅचच्या पाच-सहा मुलांना गाठा आणि स्वतः विचारा. हॉटेलात पहिल्या वर्षी गळती मोठी असते: उभ्याने बारा तास, ब्रेक शिफ्ट (सकाळी आणि रात्री काम, दुपारी मोकळं), ३१ डिसेंबरला सुटी नाही. मुलं वाईट नसतात, त्यांना कोणी आधी सांगितलेलं नसतं.

पगाराची सरासरी घेऊ नका. चाळीस जणांच्या बॅचमध्ये दोघं दुबईला गेली की सरासरी फुगते. सगळ्या ऑफर लहान-मोठ्या क्रमाने लावा आणि बरोबर मधली घ्या. तुमचं मूल मधल्या जागी असेल असंच धरून चाला.

ऑफरवरचं पद वाचा. कॉमी १, कॉमी ३ (किचनमधली सुरुवातीची पदं), जीएसए (पाहुण्यांच्या सेवेतलं सुरुवातीचं पद), जॉब ट्रेनी आणि मॅनेजमेंट ट्रेनी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जॉब ट्रेनी म्हणजे अनेकदा वर्षभर ठरीव स्टायपेंड आणि नंतर 'बघू'. मॅनेजमेंट ट्रेनी ही पदवीची खरी मलई, पण जागा मोजक्या.

सावधान: ऑफरसोबत बाँड असेल तर सोडून जाण्याची रक्कम किती आहे, ते खर्चाच्या यादीत 'कदाचित' म्हणून लिहून ठेवा.

## ५. सीटीसीतून हातातला पगार काढा

इथं थोडं थांबून एकेक रकाना पाहू. सीटीसी म्हणजे मालक तुमच्यावर करतो तो एकूण खर्च, कॉलेज ज्याला पॅकेज म्हणतं तो. वर्षाला तीन लाख सीटीसी, म्हणजे महिन्याला २५,०००. नमुना म्हणून असं वाटप धरा:

- बेसिक आणि डीए: १२,०००
- घरभाडं भत्ता: ४,८००
- इतर भत्ते: १,७००
- ग्रॉस: १८,५००
- मालकाचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के: १,४४०
- मालकाचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॉसच्या ३.२५ टक्के: ६०१
- ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के: ५७७
- ड्युटी मील, युनिफॉर्म धुलाई: २,५००
- वार्षिक इन्सेंटिव्ह, महिन्याला वाटून: १,३८२

आता ग्रॉसमधून मुलाचा पीएफ १,४४० आणि ईएसआय १३९ वजा करा. हातात १६,९२१. पंचवीस हजार कुठं गेले, ते दिसलं. दुपारच्या जेवणाचे पैसेही 'पगारा'त मोजले होते.

पीएफ बुडालेला नाही, दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला २,८८० साठतात. ते 'बचत' म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवा, हप्ता त्यातून भरता येत नाही. ग्रॅच्युइटी सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षं एकाच आस्थापनेत काढल्यावर मिळते. दर दीड-दोन वर्षांनी हॉटेल बदलणाऱ्याने ती शून्य धरावी. ग्रॉस २१,००० च्या वर गेला की ईएसआय सुटतो, आणि त्यासोबत त्यातली वैद्यकीय सोयही. तेव्हा पगारवाढीतला काही भाग आरोग्य विम्याला जाणार.

सर्व्हिस चार्ज आणि टिप्स. काही हॉटेलांत सर्व्हिस चार्जचे पॉइंट (त्यातला आपला वाटा) पगाराला चांगला टेकू देतात. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. त्यामुळे दहा वर्षांच्या हिशोबात सर्व्हिस चार्ज धरूच नका. टिप्स धरायच्याच तर ऑगस्टच्या धरा. डिसेंबरची पावती बघून कर्ज घेणाऱ्यांचा जुलैमध्ये घाम निघतो.

पेट्रोल. डिचोलीहून कांदोळीला जाऊन-येऊन ६० किमी धरा, महिन्याला २६ दिवस. म्हणजे १,५६० किमी. स्कूटर लिटरला ४५ देते, तर सुमारे ३५ लिटर. लिटरला १०० रुपयांनी ३,५००. हॉटेलची पिक-अप गाडी आहे का, आणि असली तर ती सेकंड शिफ्ट सुटल्यावर, रात्री अकरा-बाराला, तुमच्या बाजूला येते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्या वेळी बस नसते. ब्रेक शिफ्ट असेल तर दुपारचे चार तास कुठं काढायचे, हाही पैशाचाच प्रश्न: घरी येऊन परत गेलात तर पेट्रोल दुप्पट. स्टाफ रूम मिळाली तर तिचं भाडं पगारातून कापतात का, ते विचारा.

तपासा: सीटीसी ÷ १२ आणि 'हातात वजा पेट्रोल' यांत किमान ३० टक्के फरक दिसला नाही, तर पुन्हा बघा. वरच्या उदाहरणात १६,९२१ मधून ३,५०० गेले की १३,४०० उरतात. चार वर्षं व्याज न भरलेल्या कर्जाचा हप्ता १०,३०० आहे, हे आठवतंय ना?

## ६. दहा वर्षांचा तक्ता मांडा

आता खरी पायरी. दोन स्तंभ, प्रत्येकात वर्षनिहाय हातातला पैसा. खालचे आकडे केवळ पद्धत दाखवायला धरले आहेत, तुमच्या पावत्यांवरचे आकडे घालून तक्ता पुन्हा करा.

पहिली तीन वर्षं

पदवीचा मुलगा: फी ४,५०,०००, किट-बूट-पुस्तकं ४०,०००, प्रवास आणि ट्रेनिंगमधलं राहणं १,१०,०००. एकूण सहा लाख उणे. स्टायपेंड २५,००० अधिक. निव्वळ उणे ५,७५,०००.

आयटीआयचा मुलगा: पहिल्या वर्षी खर्च ४०,०००. दुसऱ्या वर्षी महिन्याला १४,००० आणि तिसऱ्या वर्षी १५,००० पगार. निव्वळ अधिक ३,०८,०००.

म्हणजे पदवी हातात पडते त्या दिवशी दोघांत ८,८३,००० चं अंतर आहे. फी फक्त साडेचार लाख होती.

चौथ्या ते दहाव्या वर्षापर्यंत, महिन्याचा हातातला पगार (पदवी / आयटीआय)

- चौथं: १८,००० / १६,५००
- पाचवं: २१,००० / १८,०००
- सहावं: २५,००० / २०,०००
- सातवं: ३०,००० / २२,०००
- आठवं: ३५,००० / २४,०००
- नववं: ४०,००० / २६,०००
- दहावं: ४६,००० / २८,०००

सात वर्षांत पदवीवाला ७,२६,००० जादा कमावतो. अंतर ८,८३,००० होतं. म्हणजे दहा वर्षं संपली तरी तो १,५७,००० ने मागेच आहे. अकराव्या वर्षी फरक महिन्याला २२,००० झाला, तर त्या वर्षाच्या आठव्या महिन्यात बरोबरी होते.

हे कर्जाशिवाय. तिसऱ्या पायरीतलं कर्ज घेतलं आणि व्याज सवलत नसेल, तर एकूण व्याज सुमारे ६,३७,००० जातं. फरक महिन्याला २२,००० वरच राहिला असं धरलं तर बरोबरी तेराव्या वर्षाच्या अखेरीस येते.

आता एक आकडा बदलून बघा. पदवीचा एकूण खर्च सहा लाखांऐवजी तीन लाख केला, म्हणजे स्वस्त कॉलेज, घरून ये-जा. कर्जाशिवायच्या हिशोबात बरोबरी दहाव्या वर्षाच्या पाचव्या महिन्यात येते. खर्च अर्धा झाला आणि वाचलं जेमतेम सव्वा वर्ष! कारण सुरुवातीच्या वर्षांत दोघांच्या पगारातला फरक महिन्याला दीड-तीन हजारांचाच आहे. पदवी पैसे देते ती सहाव्या-सातव्या वर्षानंतर, सुपरवायझरच्या वर गेल्यावर. म्हणून 'फी किती' या प्रश्नाइतकाच मोठा प्रश्न आहे: हा मुलगा सहाव्या वर्षी हॉटेलात असेल का?

चूक होते ती इथं: पगारवाढ दरवर्षी १५ टक्के धरणं. हॉटेलात पगार पायऱ्यांनी चढतो. पद बदललं किंवा हॉटेल बदललं की उडी, नाहीतर वर्षानुवर्षं थोडी-थोडी वाढ. पावत्यांवरून बघा, टक्के लावू नका.

## ७. विभाग बदलला की उत्तर बदलतं

वरचा तक्ता एकदा करून थांबू नका. मुलाला कुठं जायचंय त्याप्रमाणे तो बदलतो.

किचनमध्ये हात बोलतो. आयटीआयचा चांगला मुलगा आठ-दहा वर्षांत शेफ द पार्टी (किचनच्या एका विभागाचा प्रमुख) होतो आणि त्याला कोणी पदवी विचारत नाही. तिथं पदवीचा फायदा सुरुवातीच्या एक-दोन पायऱ्यांपुरता. पुढं एक्झिक्युटिव्ह शेफच्या आसपास कॉस्टिंग, मेनू इंजिनिअरिंग, ईमेल आणि मीटिंगा सुरू होतात, तिथं पदवीचा फायदा परत दिसतो.

फ्रंट ऑफिस, सेल्स, रेव्हेन्यू, एचआर, बँक्वेट सेल्स इथं पदवी फाटकासारखी असते. ती नसेल तर आत जायलाच वेळ लागतो. हाउसकीपिंग मधलं. सुपरवायझरपर्यंत अनुभव चालतो, असिस्टंट मॅनेजरच्या जाहिरातीत पदवी मागतात.

हॉटेल सोडलं तर? मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असेल तर पदवीधरांसाठीच्या सरकारी परीक्षा, बँका, विमान कंपन्यांचं ग्राउंड स्टाफ, इस्पितळांतलं आतिथ्य आणि फॅसिलिटी मॅनेजमेंट उघडं राहतं. आयटीआयवाल्याला यातली बरीच दारं बंद. या सुटकेच्या वाटेला रुपयांत बसवणं अवघड आहे, पण तक्त्याखाली तिची एक ओळ असू द्या. चुलत्याच्या हट्टापायी हॉटेल लाईनला आलेल्या मुलासाठी ती सगळ्यात महाग ओळ असते.

## ८. बोटीचा पैसा वेगळ्या पानावर

गोव्यात हा हिशोब तारवटींशिवाय, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांशिवाय, पुरा होत नाही. प्रत्येक वाड्यावर एक क्रूझवाला असतो आणि त्याचा डॉलरमधला पगार सगळ्यांना तोंडपाठ असतो. तीन दुरुस्त्या करा.

पहिली: वर्षात बारा पगार नसतात. काँट्रॅक्ट आठ महिन्यांचं आणि महिन्याला ७०,००० धरले, तर वर्षाचे ५,६०,०००. बाराने भागले की ४६,६६७. घरी असतानाचे महिने बहुधा बिनपगारी, आणि पुढचं जॉइनिंग लांबलं तर आकडा आणखी खाली. पीएफ धरू नका, घरच्या काळातला आरोग्य विमा स्वतः काढा.

दुसरी: जाण्याआधीचा खर्च. एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे) मूलभूत कोर्स, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), मेडिकल, व्हिसा. भरती करणारी एजन्सी नौवहन महासंचालनालयाकडे नोंदलेली, आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) क्रमांक असलेली हवी. तिने नोकरी लावून देण्याचे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. खलाशाकडून भरतीचं शुल्क घ्यायला मनाई आहे.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: बोटीवरच्या बऱ्याच जागांना चांगल्या हॉटेलातला अनुभव आणि इंग्रजी लागतं, पदवीच लागते असं नाही. आयटीआयवाला दोन वर्षं पंचतारांकित किचनमध्ये काढून बोटीवर जातो. मग बोटीचा पगार दोन्ही स्तंभांत लिहावा लागेल आणि फरक शून्याजवळ येईल. तुम्हाला हव्या त्या पदाची जाहिरात काढा, 'शैक्षणिक पात्रता' ही ओळ वाचा आणि मगच तो पैसा पदवीच्या नावावर टाका.

## ९. वाईट वर्ष घालून बघा

तक्ता तीनदा करा. एकदा आहे तसा. एकदा पाचव्या वर्षी सहा महिने पगार नाही असं धरून, कारण मार्च २०२० नंतर हॉटेलं बंद पडली तेव्हा हेच झालं. आणि एकदा मुलगा चौथ्या वर्षीच लाईन सोडून महिना २०,००० च्या दुसऱ्या नोकरीला लागला असं धरून.

निर्णयासाठी आमची मर्यादा अशी. कर्जाचा हप्ता नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या 'हातात वजा पेट्रोल' रकमेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. बरोबरी बाराव्या वर्षापलीकडे जात असेल आणि मुलाला किचनच हवं असेल, तर आयटीआय किंवा क्राफ्ट कोर्स करून कामाला लागावं, बीए-बीकॉमसारखी पदवी पुढं दूरस्थ पद्धतीनेही होते. मुलाला फ्रंट ऑफिस किंवा सेल्सकडे जायचं असेल, कॉलेज स्वस्त असेल आणि बिनव्याजी कर्ज मिळत असेल, तर बरोबरी दहाव्या वर्षी आली तरी घ्यायला हरकत नाही. पुढं पंचवीस वर्षांची नोकरी आहे.

मुलाने अजून हॉटेलात पाऊलही टाकलं नसेल तर प्रवेशाआधी महिनाभर कुठल्याही बँक्वेटमध्ये कॅज्युअल (रोजंदारीवर) म्हणून पाठवा. लग्नाच्या सीझनमध्ये मुलं हवीच असतात. चौथ्या पायरीतल्या गळतीच्या आकड्यावर याहून स्वस्त उपाय नाही.

## १०. पैसे भरताना

गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजला फी भरणार असाल तर यूजीसीची २०१८ ची परताव्याची अधिसूचना माहीत असू द्या. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सीट सोडली तर पूर्ण फी परत (प्रक्रिया शुल्क ५ टक्के, कमाल ५,००० रुपये कापून). त्या तारखेआधी १५ दिवसांच्या आत ९० टक्के, नंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यापुढं काही नाही. यूजीसी काही वर्षी यापेक्षा सैल तारखा जाहीर करते, त्या वर्षीचं परिपत्रक पाहा. आयएचएमच्या कौन्सेलिंगला सीट सोडण्याचे स्वतःचे नियम आहेत, ते कौन्सेलिंगच्या सूचनांतच वाचा.

मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून लगेच परत मागा आणि झेरॉक्सचा संच द्या. सीट सोडायची वेळ आली तर अर्ज लेखी द्या, तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. टक्के कुठल्या तारखेवरून मोजायचे ते त्या शिक्क्यावरून ठरतं, फोनवर झालेल्या बोलण्यावरून नाही.